टेनेसीच्या डोंगरातली शाळा आणि तिचे मास्तर

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघायची म्हटली की मंडळी आमच्याकडे लेख मागतात. दरवर्षी आम्ही आपल्याच चळवळीतला एखादा जुना प्रसंग लिहून देतो. यंदा म्हटलं, जरा लांबचा लिहू. लांबचा म्हणजे अमेरिकेतला. पण ज्या माणसाविषयी लिहायचे आहे तो आपल्याला अगदीच परका नाही. बाबासाहेबांनी त्याला स्वतः पत्र लिहिले होते.

साल १९४६. जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले आणि त्याच सुमारास बाबासाहेबांचे ते पत्र अमेरिकेला गेले. पत्र डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांच्या नावे होते. (नावाचे स्पेलिंग फ्रेंच, पण ते स्वतः उच्चार ‘डू बॉईस’ असाच करीत.) अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आपली गाऱ्हाणी युनोपुढे मांडली आहेत असे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. अस्पृश्यांनीही तसेच करावे असा विचार चालू होता, म्हणून त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागितल्या. आपण काळ्यांच्या प्रश्नाचे विद्यार्थी आहोत आणि तुमचे लिखाण वाचत आलो आहोत, असेही त्यांनी कळवले. डू बॉईस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर लिहिले. तुमचे नाव आम्ही ऐकून आहोत आणि हिंदुस्थानातल्या अस्पृश्यांबद्दल आम्हाला पुरेपूर सहानुभूती आहे, असा त्याचा आशय.

या पत्राचा उल्लेख आपल्या सभांमधून होतो. पण मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला पत्र लिहिले, एवढ्यावर आपण थांबतो. आम्ही थोडे मागे गेलो. डॉक्टर होण्याच्या आधी, नेते होण्याच्या आधी हे गृहस्थ कोण होते? त्यांचे १९०३ सालचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हे पुस्तक मिळवले. इंग्रजी आमचे बेताचेच. डिक्शनरी शेजारी ठेवून, रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत दोन-दोन, चार-चार ओळी लावीत वाचले. चौथ्या प्रकरणाशी आलो आणि तिथेच अडकलो. ते प्रकरण आधी जानेवारी १८९९ च्या ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात छापून आले होते. अठरा वर्षांचा एक मास्तर डोंगरातल्या एका शाळेवर जातो, दोन उन्हाळे शिकवतो आणि दहा वर्षांनी ती शाळा बघायला पुन्हा येतो, एवढीच त्यातली हकिकत. पण खरी हकिकत.

डू बॉईस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा, मॅसेच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या गावचा. हा अमेरिकेचा उत्तर भाग. गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. म्हणजे हा मुलगा त्यानंतर तीन वर्षांनी जन्मला आणि तोही मळ्यांच्या मुलखापासून पुष्कळ दूर. गुलामगिरीने माणसाचे काय करून ठेवले होते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. १८८५ साली तो दक्षिणेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरी फिस्क विद्यापीठात शिकायला आला. मुक्त झालेल्या लोकांच्या शिक्षणासाठी यादवी युद्धानंतर लगेच, १८६६ साली ही संस्था निघाली होती. इथले विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत खेडोपाडी शाळा शोधत फिरत आणि मास्तरकी करीत.

त्या यादवी युद्धाशी आमचे एक धंद्याचे नाते आहे, ते सांगून टाकतो. आम्ही सूतगिरणीतली माणसं. ब्लो रूममध्ये गाठी फोडताना कापूस नाकातोंडात जातो, पण तो कुठल्या कुठल्या हातांतून येतो याचा विचार कोण करतो? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतला, गुलामांनी वेचलेला कापूस युद्धामुळे अडकला. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि इंग्रजांनी आपल्या इकडचा कापूस उचलला. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपले आणि १८६५ साली तो पूर ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या. तिकडच्या गुलामाच्या सुटकेचा आणि इकडच्या बाजाराचा धागा असा एकच होता. त्या सुटकेचे मोल आपल्याकडे ओळखले ते जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली.

तर १८८६ चा उन्हाळा. शाळा हवी तर आधी शिक्षकाचा दाखला पाहिजे. त्यासाठी लेबनन या कौंटीच्या गावी (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) शिक्षकांचा वर्ग भरत असे. गोऱ्या शिक्षकांचा सकाळी, काळ्यांचा रात्री. विषय तेच, शिकवणारे तेच. वेळ मात्र वेगळी. दाखला मिळाल्यावर डू बॉईस पायी निघाले. घोडा परवडत नव्हता. आगगाडीचा रस्ता संपला, बग्गीचा संपला, पुढे साप-विंचवांचा मुलूख सुरू झाला. दारोदार विचारायचे, इथे शाळा आहे का? आणि उत्तर ऐकून पुढे चालायचे.

असेच एके दिवशी त्यांना वीस वर्षांची एक मुलगी भेटली. पुस्तकात तिचे नाव जोसी असे दिले आहे. काटकुळी, सावळ्या-तपकिरी चेहऱ्याची, रूपाने साधारण. तिने सांगितले की डोंगराच्या पलीकडे आम्हाला शाळा पाहिजे. लढाई संपल्यापासून तिथे एकदाच मास्तर आला होता. एकवीस वर्षांत एकदा! तिला स्वतःला शिकायचे होते. हे सगळे ती भडाभडा, कळकळीने बोलली. दुसऱ्या दिवशी मास्तर डोंगर ओलांडून तिच्या घरी गेले.

शाळा मंजूर करून घ्यायला कमिशनरकडे जायचे होते. मास्तर घोड्यावरून निघाले. सोबतीला एक गोरा तरुण होता, त्याला गोऱ्यांची शाळा हवी होती. दोघे गप्पा मारीत, हसत गेले. कमिशनरने प्रेमाने बसवले, दाखला पाहिला, ठीक आहे म्हणाला, पगार किती हवा ते विचारले आणि जेवूनच जा असा आग्रह केला. मास्तरांना वाटले, नशीब चांगले दिसते. पण पाने मांडली तेव्हा आधी ते दोघे गोरे जेवले. मास्तर नंतर, एकटे. यावर त्यांनी पुस्तकात फार काही लिहिलेले नाही. आपल्या लोकांना ते लिहून दाखवायची गरजही नाही. जेवायला बोलावून पंगतीबाहेर बसवणे काय असते, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आता शाळा कशी होती ते ऐका. लाकडाच्या ओंडक्यांची खोपटी. पूर्वी तिथला एक गोरा कर्नल त्यात आपला मका साठवीत असे. काटेरी झुडपांमागे, एका गोड पाण्याच्या झऱ्याजवळ. दाराच्या जागी नुसते भोक. दार पूर्वी कधीतरी असावे. एक मोडकळलेली चूल-भिंत. ओंडक्यांमधल्या फटी याच खिडक्या. कोपऱ्यात रंग उडालेला फळा. मास्तरांचे टेबल म्हणजे तीन फळ्या जोडून, जिथे मोडेल तिथे ठोकून पक्के केलेले. खुर्ची घरमालकिणीकडून मागून आणलेली, ती रोज संध्याकाळी परत करायची. मुलांसाठी बाके हवीत म्हणून मास्तरांनी विचार केला होता, उत्तरेकडच्या शाळेतल्या नीटनेटक्या डेस्क-खुर्च्या त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. मिळाली ती पाठ नसलेली खडबडीत फळ्यांची बाके, काहींना तर पायही नव्हते. त्यांचा एकच गुण, की त्यांच्यावर डुलकी घेणे धोक्याचे होते. मास्तर दुःख सांगताना असे मध्येच हसतात.

जुलैच्या अखेरीस, एका कडक उन्हाच्या सकाळी शाळा उघडली. तीसेक मुले आली. अनवाणी पाय बाकांवरून लोंबकळताहेत, हातात वेबस्टरचे निळ्या पुठ्ठ्याचे स्पेलिंगचे पुस्तक. त्यांत अगदी बारकी पोरे होती, बापये म्हणावेत असे दांडगे मुलगे होते आणि एकाची लग्न झालेली कोवळी बायकोही होती. जोसी आपल्या भावंडांना घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. नॅशव्हिलच्या मोठ्या विद्यापीठात जायचे हे तिच्या मनाने घेतले होते. दिवसभर घरात, शेतात, दुसऱ्याच्या घरी राबून ती अभ्यासाला बसायची. मास्तर लिहायला, वाचायला शिकवायचे, सगळी मिळून गाणी म्हणायची आणि डोंगरापलीकडच्या जगाच्या गोष्टी चालायच्या.

पण पोरे गळायची. हा आठवडा आली, पुढचा आठवडा नाही. मग मास्तर शाळा सुटल्यावर घरोघर निघायचे. एका घरचा बाप कर्नलचीच जमीन बटईने कसत होता. तो सांगे, पीक उभं आहे, पोरांना कसं पाठवू? आई म्हणे, मुलगी गेली तर तान्ह्याला कोण सांभाळणार? पुढच्या आठवड्यात नक्की पाठवतो. दुसऱ्या एका घरातल्या म्हाताऱ्यांना पुस्तकी शिक्षणाबद्दलच संशय होता. तिथे मास्तर डोंगर चढून जात आणि रोमच्या सिसेरो नावाच्या वक्त्याचे विद्येची महती सांगणारे भाषण सोप्यात सोप्या भाषेत, तिथल्याच शेताबांधाची उदाहरणे घालून ऐकवीत. म्हातारी माणसे पटली म्हणत. एखाद-दुसरा आठवडा पोरे येत.

आम्ही रात्रीच्या अभ्यासवर्गासाठी मुले गोळा करायला चाळीचाळीतून फिरलो आहोत. हीच उत्तरे ऐकली आहेत, शब्दसुद्धा हेच. भाऊ लहान आहे, पाणी भरायचं आहे, परीक्षा झाली की पाठवतो. तेव्हा आम्हाला पालकांचा राग यायचा. डू बॉईस मास्तरांच्या लिखाणात त्या बापाचा राग नाही. त्यांनी त्याचे शेत पाहिले होते.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले त्यात एक मागणी अशी होती, की प्राथमिक शाळांचे शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातलेच असावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील. टेनेसीतला हा मास्तर शेतकऱ्याच्या घरचा नव्हता, त्या मुलखाचाही नव्हता, पण मिसळला. शुक्रवारी रात्री तो कुणा ना कुणा मुलाच्या घरी मुक्कामाला जाई. डॉक बर्क नावाचा एक उंच, हाडकुळा, मोठ्या आवाजाचा शेतकरी होता. कसत असलेली ७५ एकर जमीन विकत घ्यायची म्हणून तो रात्रंदिवस खपायचा. लोक म्हणायचे, बुडणार हा, शेवटी सगळे गोरेच घेऊन जाणार. त्याचे घर म्हणजे दीड खोली. जेवायला तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी, शेंगा. जेवण झाल्यावर मास्तर घाबरले, की एका खोलीत आता झोपायचे कसे? पण त्या माणसांची रीत बघा. आधी पोरे पेंगुळली, ती पिसांच्या एका मोठ्या गादीवर रांगेने निजवली. मग नवरा-बायको काही न बोलता स्वयंपाकाच्या खोलीत गेली. मास्तर आडवे झाल्यावर त्यांनी दिवा विझवला आणि अंधारात येऊन झोपली. सकाळी मास्तरांना जाग यायच्या आत सगळी उठून कामाला गेलेली. समोरच्या घरी तर स्वयंपाकाची वेगळी खोलीही नव्हती; तिथे मास्तर झोपायला जाईपर्यंत सगळे कुटुंब अंगणात जाऊन उभे राही. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

जोसीच्या घरी मास्तरांना सगळ्यात जास्त आवडायचे. तिची आई कामात असतानाच बोलत राही. जोसीने शिलाई मशीन कसे घेतले, हिवाळ्यात ती लोकांच्या घरी कामाला जाते पण महिन्याला चार डॉलर म्हणजे काहीच नाही, पीक कसे बुडाले, विहीर अजून अर्धवट आहे, तिला शिकायला पाठवायचे आहे पण कधी दोन पैसे शिल्लकच पडत नाहीत.

दोन उन्हाळे झाले, १८८६ आणि १८८७. मास्तर गेले ते पुढे शिकत गेले. हार्वर्ड, मग जर्मनीत बर्लिन, पुन्हा हार्वर्ड. १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले काळे गृहस्थ ठरले.

दहा वर्षांनी फिस्कच्या पदवीदान समारंभासाठी ते नॅशव्हिलला आले आणि त्यांना त्या निळ्या डोंगराची ओढ लागली. पुन्हा गेले. जोसीच्या आईने दारातच सांगितले, की तुम्ही गेल्यापासून फार सोसलं आम्ही.

जोसी नव्हती. मेली होती.

कसे झाले, ते मास्तरांनी थोडक्यात लिहिले आहे, आम्हीही थोडक्यातच सांगतो. धाकट्या भावावर एका गोऱ्या शेतकऱ्याने गहू चोरल्याचा आळ घेतला. पळून जा असे सगळ्यांनी सांगितले. तो पळाला नाही, पोलिसाने धरून लेबननच्या तुरुंगात टाकले. मोठा भाऊ त्याला गजाआडून बघायला रोज नऊ मैल चालत जाई. शेवटी एका अंधाऱ्या रात्री दोघे बरोबर परत आले. आईने जेवू घातले, जोसीने आपला बटवा रिकामा करून दिला आणि दोघे भाऊ गाव सोडून गेले. म्हातारा बाप एकट्याने डोंगर चढू शकेना. घर-शेत विकून कुटुंब गावाजवळ राहायला आले. एका भावाने सहा खोल्यांचे नवे घर बांधले आणि त्यात सामान हवे म्हणून जोसी वर्षभर नॅशव्हिलला राबली. ९० डॉलर घेऊन परत आली. मग धाकटी बहीण फसली, लेकरू घेऊन घरी आली. जोसी काहीच बोलली नाही, काम करीत राहिली. शाळेचा विषय तिने सोडला होता. मग ज्याच्यावर तिचा जीव होता त्याने दुसरीशी लग्न केले. त्यानंतर एका उन्हाळ्यात ती आईच्या कुशीत शिरली ती उठलीच नाही.

आम्ही इथे एक गोष्ट पुन्हा वाचून बघितली. जोसी नॅशव्हिलला गेली होती. वर्षभर राहिली होती. ज्या विद्यापीठाचे नाव ती रात्रंदिवस घेई ते त्याच शहरात होते. ती गेली ती पगाराच्या कामासाठी आणि आणले ते नव्या घराचे सामान. मास्तरांनी हे दोन मुद्दे शेजारी ठेवून दाखवलेले नाहीत. पण आमच्या मनातून ते जात नाही. घरातली जी मुलगी सगळ्यांना उभे करते, तिच्या नावावर वही-पेन्सिलचा खर्च कधी पडतो का? आपल्या वस्तीतही पहिला पदवीधर ज्या घरातून निघाला, त्या घरातल्या मोठ्या बहिणीने कितवीत शाळा सोडली होती, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. आमच्या स्वतःच्या घरातही नाही. आमच्या थोरल्या ताईने चौथीतून शाळा सोडली आणि पापड लाटले; त्या पैशात आमची दहावी झाली. आम्ही चळवळीत भाषणे केली, पण हे आज पहिल्यांदा लिहितो आहोत.

मास्तर पुढे शाळा बघायला गेले. जुनी ओंडक्यांची खोपटी नव्हती. पायाचे दगड तेवढे राहिले होते. जवळच सहा धोंड्यांवर टेकवलेली फळ्यांची नवी शाळा, अंदाजे २० फूट बाय ३० फूट. तीन खिडक्या, कुलूप लागेल असे दार. काही काचा फुटलेल्या. लोखंडी शेगडीचा एक तुकडा खाली पडलेला. त्यांनी खिडकीतून आत डोकावले. फळा दोनेक फुटांनी वाढला होता. बाकांना पाठ अजूनही नव्हती. जागा आता कौंटीच्या मालकीची होती आणि दरवर्षी शाळा भरत होती. मास्तरांनी याला ‘प्रगती’ म्हटले आहे, पण ते म्हणताना त्यांचा सूर सरळ नाही. प्रकरणाचे नावच ‘प्रगतीचा अर्थ’ असे आहे.

त्यांना ती शाळा वाईट वाटली असे मात्र नाही. एकवीस वर्षांत एक मास्तर, यावरून दरवर्षी शाळा, हा फरक लहान म्हणता येत नाही. पुढे दक्षिणेत काळ्या मुलांसाठी पुष्कळच शाळा झाल्या. १९१२ ते १९३२ या काळात बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पुढाकाराने आणि ज्युलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याच्या पैशाने सुरू झालेल्या योजनेत पाच हजारांच्या आसपास शाळा उभ्या राहिल्या. त्यात गंमत अशी, की गरीब काळ्या शेतकऱ्यांनी स्वतः घातलेली एकूण रक्कम त्या श्रीमंताच्या रकमेपेक्षा किंचित जास्तच भरली. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड, कुणी अंगमेहनत. शाळा वेगळ्या असणे हेच मुळात चूक, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते मात्र १९५४ साली.

मास्तर बर्कच्या शेतावरही गेले. लोक म्हणाले होते तसा तो बुडाला नव्हता. त्याच्याकडे आता १०० एकर होते. कर्ज मात्र फिटलेले नव्हते. मास्तर लिहितात त्याचा भाव असा, की कर्जाची त्याला इतकी सवय झाली आहे की ते फिटले तर त्यालाच चुकल्या-चुकल्यासारखे होईल. उंच धिप्पाड अंग आता वाकायला लागले होते. पोरे मोठी झाली होती, काही घर सोडून गेली होती.

बाकीच्या विद्यार्थ्यांचीही त्यांनी विचारपूस केली. कुणी मेले होते, कुणाचा संसार चांगला चालला होता, कुणाच्या पदरात पोर होते. सगळ्यांची मिळून चांगली की वाईट अशी बेरीज त्यांनी मांडली नाही. पाळण्यातली नवी पोरे मात्र घरोघर दिसली.

मग ते नॅशव्हिलला परत निघाले. अंगावर हार्वर्डची डॉक्टरेट होती, बर्लिनचे शिक्षण होते. स्टेशनावर गाडी आली तेव्हा ते काळ्यांसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या डब्यात चढले. अशा वेगळ्या डब्यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली कायदेशीर ठरवले होते.